विहिरीच्या रिंगला माल किती लागेल : पोकळ वृत्तचितीचा हिशेब

मराठवाड्यात विहीर खोदताना बहुतेक ठिकाणी वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. पाषाण स्वतःच्या बळावर उभा राहतो. वरची माती आणि मुरूम मात्र पहिल्या मोठ्या पावसातच ढासळू लागतात. म्हणून खोदाई संपली की पाषाणापासून जमिनीच्या वरच्या कठड्यापर्यंत सिमेंट काँक्रीटची रिंग बांधून घ्यावी लागते. या रिंगसाठी सिमेंट, वाळू, खडी आणि सळई किती आणायची, याचा आकडा मिस्त्री सहसा तोंडी सांगतो. तो आकडा त्याच्या अनुभवातून आलेला असतो, पण विहिरीचा व्यास किंवा भिंतीची जाडी नेहमीपेक्षा वेगळी असली की तोच आकडा चुकतो, आणि मग माल मध्येच संपून काम थांबते किंवा उरलेल्या सिमेंटच्या गोण्या पावसाळी हवेत दगड होतात. शाळेतल्या भूमितीतील पोकळ वृत्तचितीचे घनफळ ज्याला काढता येते, त्याला हा हिशेब स्वतः अर्ध्या तासात करता येतो. तो कसा करायचा, हे येथे एका उदाहरणावरून क्रमाने दाखवले आहे.

पहिली पायरी : तीन मापे नीट घेणे

रिंगच्या हिशेबाला तीनच मापे लागतात: आतला व्यास, भिंतीची जाडी आणि उंची. यांतील उंचीबाबत नवख्या माणसाची पहिली गफलत होते. विहीर ४५ फूट खोल असली म्हणून रिंग ४५ फूट होत नाही. आपल्या उदाहरणात जमिनीपासून २१ फुटांवर पाषाण लागला आहे आणि जमिनीच्या वर ३ फुटांचा कठडा ठेवायचा आहे, म्हणून रिंगची उंची २४ फूट. गावात खोली परसात सांगण्याची पद्धत आहे. बोलण्यापुरते ते ठीक आहे, पण परस हे अंदाजी माप असल्यामुळे मालाच्या हिशेबासाठी टेपच लावावा. टेपच्या टोकाला वजन बांधून तो चारही बाजूंनी पाषाणापर्यंत सोडावा, कारण पाषाणाचा माथा क्वचितच सपाट असतो. एका बाजूला १९ फूट आणि समोरच्या बाजूला २३ फूट अशी मापे आली, तर चारही मापांची सरासरी धरावी.

व्यासाचेही तसेच आहे. पोकलेनने खोदलेला खड्डा कधीही बरोबर गोल नसतो, पण रिंगचा आतला व्यास खड्ड्यावर नव्हे, तर सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, प्लेटांवर ठरतो, त्यामुळे तो आधी निश्चित करता येतो. आपण तो २० फूट धरू. जुनी, आधीच बांधलेली विहीर मोजायची असेल, तर आतून भिंतीला टेप लावून पूर्ण घेर मोजावा आणि त्याला ३.१४१६ ने भागावे. तोंडावर आडवा टेप धरून मोजलेल्या एखाद्या व्यासापेक्षा हे माप अधिक भरवशाचे असते.

भिंतीची जाडी आपण ९ इंच धरू. येथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. ९ इंच म्हणजे ०.७५ फूट, ०.९ फूट नव्हे. इंचाला १२ ने भागले की फूट मिळतात: ६ इंच म्हणजे ०.५ फूट, साडेचार इंच म्हणजे ०.३७५ फूट. घाईत ०.७५ च्या जागी ०.९ लिहिले गेले, तर आपल्या या एकाच विहिरीत सिमेंटच्या ५६ गोण्या जास्त मागवल्या जातात.

दुसरी पायरी : घनफळ

पोकळ वृत्तचितीचे घनफळ म्हणजे बाहेरच्या पूर्ण वृत्तचितीच्या घनफळातून आतल्या पोकळीचे घनफळ वजा केल्यावर जे उरते ते. पाठ्यपुस्तकातील सूत्रानुसार बाह्य त्रिज्येच्या वर्गातून आंतर त्रिज्येचा वर्ग वजा करावा, उरलेल्या संख्येला पायच्या किमतीने, म्हणजे ३.१४१६ ने, गुणावे आणि त्याला उंचीने गुणावे. आपल्या विहिरीत आतली त्रिज्या १० फूट आणि बाहेरची १०.७५ फूट आहे. १०.७५ चा वर्ग ११५.५६२५, १० चा वर्ग १००, वजाबाकी १५.५६२५. तिला ३.१४१६ ने गुणले की ४८.८९ चौरस फूट येतात. हे रिंगच्या तोंडाचे, म्हणजे वरून पाहिल्यावर दिसणाऱ्या काँक्रीटच्या कड्याचे क्षेत्रफळ झाले. त्याला २४ फूट उंचीने गुणले की ११७३.४ घनफूट, म्हणजे ११.७३ ब्रास काँक्रीट (ब्रास म्हणजे १०० घनफूट).

माझ्या मते कामावर उभे राहून हिशेब करायचा असेल, तर याहून सोपी आणि तितकीच अचूक रीत मध्यव्यासाची आहे. आतल्या व्यासात एक जाडी मिळवली की भिंतीच्या बरोबर मधून जाणारा व्यास मिळतो: २० अधिक ०.७५ म्हणजे २०.७५ फूट. या व्यासाचा घेर २०.७५ गुणिले ३.१४१६, म्हणजे ६५.१९ फूट. रिंग एका ठिकाणी कापून सरळ पसरली, तर ती ६५.१९ फूट लांब, ०.७५ फूट जाड आणि २४ फूट उंच भिंत होईल, असे समजून तिन्ही मापांचा गुणाकार करावा. उत्तर तेच, ११७३.४ घनफूट. ही अंदाजाची रीत नाही. वर्गांच्या वजाबाकीचे अवयव पाडले की त्रिज्यांची बेरीज आणि त्रिज्यांची वजाबाकी यांचा गुणाकार मिळतो. बेरीज म्हणजे मध्यव्यास आणि वजाबाकी म्हणजे जाडी. दोन्ही रीतींनी उत्तर काढून ते जुळते का ते पाहावे. जुळले नाही, तर कोठेतरी गुणाकार चुकला आहे, हे माल मागवण्यापूर्वीच कळते.

पायची कोणती किंमत घ्यावी, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी स्थूल कामासाठी २२/७ आणि सूक्ष्म कामासाठी ३९२७/१२५० अशा दोन किमती दिल्या आहेत, आणि दुसरी किंमत म्हणजे बरोबर ३.१४१६ होय. आपल्या विहिरीत या दोहोंमुळे पडणारा फरक जेमतेम अर्ध्या घनफुटाचा आहे, तेव्हा २२/७ घेतले तरी काही बिघडत नाही. मात्र काही जण तोंडी हिशेबात व्यासाची सरळ तिप्पट करतात, ते करू नये. त्यात काँक्रीट ५३ घनफुटांनी आणि सिमेंट सुमारे १२ गोण्यांनी कमी पडते.

चुका कोठे होतात

सर्वांत घातक चूक म्हणजे त्रिज्यांची आधी वजाबाकी करून मग वर्ग करणे. ०.७५ चा वर्ग ०.५६२५, त्यावरून आलेले घनफळ फक्त ४२.४ घनफूट भरते. एवढ्या मोठ्या रिंगला अर्धा ब्राससुद्धा काँक्रीट लागत नाही, असे उत्तर आले की ते चुकले आहे हे उघडच असते. पण कागदावर एकामागून एक आकडे उतरवताना ते नजरेतून सुटते.

दुसरी चूक अधिक सभ्य दिसते. आतल्या २० फूट व्यासाचाच घेर घेऊन त्याला जाडी आणि उंचीने गुणले, तर ११३१ घनफूट येतात, म्हणजे खऱ्या उत्तरापेक्षा ४२.४ घनफूट कमी. बाहेरच्या व्यासाचा घेर घेतला, तर तेवढेच जास्त येतात. पहिल्या चुकीत मिळालेले ४२.४ आणि येथे कमी-जास्त झालेले ४२.४ हे आकडे योगायोगाने जुळलेले नाहीत: आतल्या घेराने काढलेले उत्तर हे नेहमी जाडीचा वर्ग, पाय आणि उंची यांच्या गुणाकाराइतकेच कमी पडते. भिंत पातळ आणि विहीर मोठी असेल तेव्हा हा फरक खपून जातो. पण दोन-अडीच फूट व्यासाच्या शोषखड्ड्याच्या कड्यांत किंवा जाड भिंतीच्या सिमेंट पाइपमध्ये जाडी व्यासाच्या मानाने मोठी असते, आणि तेथे हीच चूक दहा टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते.

या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची, आणि मिस्त्रीशी बोलताना मनाशी धरून ठेवावी अशी गोष्ट जाडीची आहे. विहिरीचा आतला व्यास एक इंचाने वाढला, तर काँक्रीट ४.७ घनफुटांनी वाढते, आणि त्याला सिमेंटची साधारण एक गोणी लागते. भिंतीची जाडी एक इंचाने वाढली, म्हणजे ९ च्या जागी १० इंच झाली, तर काँक्रीट जवळपास १३६ घनफुटांनी वाढते, आणि त्याला ३१ गोण्या लागतात. सेंट्रिंगची प्लेट इंचभर आत-बाहेर सरकणे ही कामावर रोजची बाब आहे. बाहेरून प्लेट न लावता खोदाईच्या मातीला टेकवूनच काँक्रीट ओतले, तर माती जेथे खाचली असेल तेथे भिंत आपोआप दोन-तीन इंचांनी जाड होते. म्हणून प्रत्येक टप्प्याचे काँक्रीट ओतण्यापूर्वी निदान आठ ठिकाणी पट्टी धरून जाडी मोजावी आणि त्यांची सरासरी कागदावर लिहून ठेवावी. एखाद्या फुटाने व्यास चुकला तरी जेवढे नुकसान होत नाही, तेवढे जाडीकडे केलेल्या दुर्लक्षाने होते.

पाषाणावर रिंग टेकते तेथे काही जण रुंद पाया देतात. तो वेगळी वृत्तचिती म्हणून मोजावा. तळाचा एक फूट दीड फूट जाड केला, तर त्या फुटाचा मध्यव्यास २१.५ फूट होतो आणि घनफळ १०१.३ घनफूट येते. वरच्या २३ फुटांचे ११२४.५ घनफूट त्यात मिळवावेत. पुढील हिशेब मात्र सरळ भिंतीचाच केला आहे.

तिसरी पायरी : घनफळावरून माल

११७३.४ घनफूट हे ओल्या, साच्यात बसलेल्या काँक्रीटचे घनफळ आहे. कोरड्या मालात खडीच्या फटी मोकळ्या असतात. पाणी घालून कालवल्यावर वाळू आणि सिमेंट त्या फटींत शिरतात आणि एकूण आकारमान घटते. म्हणून कोरड्या मालासाठी या घनफळाला १.५४ ने गुणण्याची रूढ पद्धत आहे. आपले कोरडे घनफळ १८०७ घनफूट झाले.

एम २० दर्जाच्या काँक्रीटचे प्रमाण मिस्त्री एक-दीड-तीन असे सांगतात: सिमेंटचा एक भाग, वाळूचा दीड आणि खडीचे तीन, मिळून साडेपाच भाग. १८०७ ला ५.५ ने भागले की सिमेंट ३२८.५ घनफूट येते. ५० किलोच्या गोणीत सुमारे १.२२६ घनफूट सिमेंट असते, म्हणून २६८ गोण्या. वाळू त्याच्या दीडपट, म्हणजे ४९३ घनफूट किंवा ४.९३ ब्रास, आणि खडी तिप्पट, म्हणजे ९८६ घनफूट किंवा ९.८६ ब्रास. सांडलवंड आणि किरकोळ नासाडीसाठी चार-पाच टक्के वाढवून २८० गोण्या सिमेंट, सव्वापाच ब्रास वाळू आणि साडेदहा ब्रास खडी असा आकडा धरावा. भिंतीतून झऱ्याचे पाणी आत यावे म्हणून चार इंची पाइपचे तुकडे ठेवतात. त्यांची वजावट करू नये, कारण अशी ४० छिद्रे मिळूनही तीन घनफूट भरत नाहीत.

वाहनवाला "एक ब्रास" म्हणून जे सांगतो ते स्वतः मोजावे. ट्रॉली आतून १० फूट लांब आणि ६ फूट रुंद असेल, तर तिच्यात २० इंच उंचीपर्यंत सपाट भरलेला माल बरोबर १०० घनफूट होतो. १६ इंचच भरला असेल, तर तो ८० घनफूटच आहे. वाळू ओली असेल तर आणखी सावध राहावे. थोडासा ओलावा धरलेली वाळू फुगते आणि कोरड्या वाळूपेक्षा वीस-तीस टक्के जास्त जागा व्यापते, त्यामुळे मापाने पुरती दिसणारी वाळू प्रत्यक्षात कमी असते. हीच गोष्ट काँक्रीट कालवताना घमेली मोजणाऱ्यालाही सांगून ठेवावी.

चौथी पायरी : सळई

सळईचा व्यास आणि दोन सळयांमधील अंतर हे मातीचा दाब पाहून अभियंत्यानेच ठरवावे. येथे फक्त मोजण्याची रीत सांगितली आहे. उदाहरणासाठी आडव्या कड्यांना आणि उभ्या गजांना १० मिलिमीटरची सळई, २०० मिलिमीटर अंतराने, भिंतीच्या मध्यावर एकच जाळी, असे समजू. सळईचा हिशेब मीटरमध्ये सोपा जातो.

कड्याचा घेर मध्यव्यासावरच येतो: ६५.१९ फूट म्हणजे १९.८७ मीटर. सळई १२ मीटर लांबीची मिळते, म्हणून एका कड्यात दोन जोड येतात. सळईच्या जाडीच्या ५० पट, म्हणजे अर्धा मीटर, असा एकेक जोड धरला, तर एका कड्याला २०.८७ मीटर लागतात. २४ फूट म्हणजे ७.३१५ मीटर उंचीत, वर-खाली थोडे आवरण, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, सोडून, अंतर २०० मिलिमीटरपेक्षा जास्त होऊ नये म्हणून ३७ अंतरे धरावी लागतात आणि कडी ३८ होतात.

उभ्या गजांची मोजणी मात्र वेगळी आहे, आणि भूमितीचा उपयोग येथे फार छान दिसतो. सरळ रेषेत अंतरांपेक्षा गज एकाने जास्त असतात. बंद वर्तुळात पहिला आणि शेवटचा गज एकच असल्यामुळे जितकी अंतरे तितकेच गज. १९.८७ ला ०.२ ने भागले की ९९.३५ येतात, म्हणून १०० गज. प्रत्येक गज ३.९ मीटरच्या दोन तुकड्यांचा, मध्ये अर्ध्या मीटरचा जोड देऊन केला, तर १२ मीटरच्या एका सळईतून तीन तुकडे निघतात आणि जेमतेम एक फूट वाया जातो. कड्यांत मात्र प्रत्येक वेळी सुमारे ३.१ मीटरचा तुकडा उरतो. तो पुढच्या कड्यात घेता येतो, पण मग जोड दोनाऐवजी तीन होतात, तेव्हा कापणीचा आराखडा आधी कागदावर मांडूनच कटर चालवावा.

कड्यांचे ७९३ मीटर आणि उभ्या गजांचे ७८० मीटर मिळून १५७३ मीटर होतात. सळईचे दर मीटर वजन काढण्यासाठी मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागावे; १० मिलिमीटरला ०.६१७ किलो येते. एकूण वजन ९७० किलो, आणि नासाडी धरून एक टन सळई सांगावी.

सेंट्रिंग, मागची भर आणि पाणी

सेंट्रिंगचा दर चौरस फुटावर असतो, म्हणून तेथे घनफळ नव्हे, तर वक्रपृष्ठफळ लागते. आतल्या बाजूचे २० गुणिले ३.१४१६ गुणिले २४, म्हणजे १५०८ चौरस फूट. बाहेरूनही प्लेटा लावल्या, तर तेवढ्याच रीतीने २१.५ फूट व्यासावर १६२१ चौरस फूट. येथे मध्यव्यास वापरू नये.

मागच्या भरीचा हिशेब जवळजवळ कोणीच आधी करत नाही. खोदाईचा व्यास २४ फूट असेल, तर रिंग आणि माती यांच्यामध्ये सव्वा फुटाची मोकळी जागा उरते, आणि ती जागासुद्धा एक पोकळ वृत्तचितीच आहे. तिचा मध्यव्यास २२.७५ फूट, जाडी १.२५ फूट आणि उंची फक्त २१ फूट, कारण कठड्यामागे भर नसते. गुणाकार १८७६ घनफूट येतो, म्हणजे पावणेएकोणीस ब्रास, रिंगच्या काँक्रीटच्या दीडपटीहून अधिक. ही भर डबर आणि मुरमाची करावी. खोदाईतून निघालेली काळी माती तेथे परत लोटू नये. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दरवर्षी रिंगला बाहेरून रेटा देते. खोदाईचा डबर विकून टाकण्यापूर्वी एवढा हिशेब करून तेवढा माल बांधावर राखून ठेवला, तर विकतचा मुरूम लागत नाही.

विहिरीची कामे आपल्याकडे उन्हाळ्यात होतात, आणि तेव्हा पाणीच मिळत नाही. काँक्रीटकामाच्या आयएस ४५६:२००० या भारतीय मानकात एम २० च्या ठरावीक प्रमाणासाठी ५० किलो सिमेंटला ३० लिटर पाणी दिले आहे, म्हणजे २६८ गोण्यांना सुमारे ८ हजार लिटर फक्त कालवण्यालाच हवे. भिंत भिजवण्याचे पाणी त्याहून वेगळे. पीपीसी, म्हणजे पोझोलाना मिसळलेले, सिमेंट असेल, तर निदान १० दिवस, आणि मे महिन्यातल्या कोरड्या, तापलेल्या हवेत १४ दिवस रिंग ओली राहिली पाहिजे. गोणपाट लावून ते भिजवत ठेवले, तर कमी पाण्यात भागते. टँकर सांगताना हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून द्यावेत.

याच रीतीने लोखंडी पाइप तपासणे

विहीर बांधून झाली की मोटारीसाठी पाइप घेतला जातो, आणि तो पुष्कळदा वजनावर विकला जातो. तोही पोकळ वृत्तचितीच आहे. मिलिमीटरमधील बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करावी, म्हणजे मध्यव्यास मिळतो; त्याला जाडीने आणि मग ०.०२४६६ ने गुणले की दर मीटरचे वजन किलोत येते. या शेवटच्या संख्येत पायची किंमत आणि पोलादाची घनता, म्हणजे घनमीटरला ७८५० किलो, दोन्ही सामावलेल्या आहेत. बाहेरचा व्यास ११४.३ आणि जाडी ४.५ मिलिमीटर असलेल्या पाइपचे वजन मीटरला १२.२ किलो, म्हणजे ६ मीटरच्या एका नळीचे ७३ किलो येते. हीच नळी काट्यावर ५९ किलो भरली, तर तिची जाडी ४.५ नव्हे, तर सुमारे ३.६ मिलिमीटर आहे, हे दुकानातच, कॅलिपर न लावता कळते.